वेगाचं चलन: दंड भरला, तरी नोंद राहते

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर नेमकं कशाचं आहे ते वाचणाऱ्या इतरांनाही कळेल. गाडी वडिलांच्या नावावर, चालवता तुम्ही. कांदिवलीहून नरिमन पॉइंटला रोज कोस्टल रोडने ये-जा. महिन्याभरात गाडीवर चार चलनं चढली, प्रत्येकी २,००० रुपयांची. दोन बोगद्यातली, वेग ७४ आणि ७८. तिसरं वरळीच्या बाजूला उतरणीच्या वळणावरचं, वेग ५८. चौथं मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर घाटातलं, आणि तुमचं म्हणणं असं की त्या दिवशी गाडी सोसायटीच्या आवारातून हललीच नव्हती. लेस्टरला राहणाऱ्या ताईला तिकडे वेगासाठी लायसन्सवर तीन पॉइंट बसले, विमा कंपनीनेही विचारणा केली. म्हणून तुम्हाला धास्ती की वडिलांच्या लायसन्सवर आता किती पॉइंट बसले असतील. त्यात मावसभाऊ सांगतो, लोकअदालतीपर्यंत थांब, निम्म्यात मिटेल. ऑफिसातला मित्र सांगतो, भरूच नको, सहा महिन्यांनी आपोआप बाद होतं.

मी वीस-बावीस वर्षं मोटार वाहन कायद्याची कामं करतोय. ताडदेवच्या आरटीओपासून चालत पाच मिनिटांवर बसतो. अपघाताचे दावे हे पोटापाण्याचं काम. चलनाची केस फीच्या हिशेबात परवडत नाही, पण ओळखीतल्या माणसाला नाही म्हणता येत नाही, त्यामुळे अशी चलनं ढिगाने हाताखालून गेली आहेत. माझ्या मते तुमच्या प्रश्नातला सगळ्यात किरकोळ भाग म्हणजे ते आठ हजार रुपये.

आधी पॉइंटचं. आपल्या मोटार वाहन कायद्यात लायसन्सवर पॉइंट चढवण्याची तरतूद नाही. ताईच्या देशातली पद्धत मुळातच वेगळ्या टोकापासून सुरू होते. तिथे गाडीच्या नोंदणीधारकाला चौदा दिवसांच्या आत नोटीस जाते आणि त्याने अठ्ठावीस दिवसांत लिहून द्यावं लागतं की गाडी त्या वेळी कोण चालवत होतं. मग दंड त्या माणसाला, किमान १०० पौंड, आणि तीन ते सहा पॉइंटही त्याच्याच लायसन्सवर. तीन वर्षांत बारा पॉइंट झाले की साधारणपणे सहा महिने गाडी बंद. लायसन्स नवं असेल तर पहिल्या दोन वर्षांत सहा पॉइंटलाच ते रद्द होतं. थोडक्यात, तिकडे पकडतात तो माणूस.

आपल्याकडे कॅमेरा पकडतो ती नंबरप्लेट. प्लेटवरून मालक सापडतो, चलन गाडीवर चढतं, एसएमएस आरसीला, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्राला, जोडलेल्या मोबाईलवर जातो. स्टिअरिंगमागे तुम्ही होतात, वडील होते की शेजारचे काका, हे त्या फोटोत बहुतेक वेळा दिसतसुद्धा नाही. लायसन्सचा नंबर त्या चलनात कुठे येतच नाही. म्हणून वडिलांच्या लायसन्सवर आज तरी काही चढलेलं नाही.

पण यावर लगेच हुश्श करू नका. पॉइंट नसले तरी आपल्या कायद्यातही मोजणी आहे, फक्त ती कुणाला दिसत नाही. वेगमर्यादा ओलांडण्याचा गुन्हा कलम १८३ खाली येतो. हलक्या वाहनाला कायद्यात १,००० ते २,००० रुपये दंड आहे, मध्यम आणि जड वाहनांना २,००० ते ४,०००. महाराष्ट्राने २०२१ च्या डिसेंबरमध्ये वाढीव दर लागू केले तेव्हापासून कारला २,००० लागतात, त्याआधी हजारात भागायचं. इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच कलमातलं पुढचं वाक्य मात्र फार थोडे जण वाचतात. दुसऱ्यांदा किंवा त्यानंतर तोच गुन्हा घडला तर चालकाचं लायसन्स कलम २०६(४) प्रमाणे ताब्यात घ्यायचं. ते लायसन्स मग आरटीओकडे, म्हणजे परवाना प्राधिकाऱ्याकडे जातं, आणि तिथे कलम १९ लागू होतं: म्हणणं ऐकून घेतल्यावर पहिल्या वेळी तीन महिने अपात्र, पुन्हा आलात तर लायसन्स रद्द.

लोक मला हमखास म्हणतात, "पण साहेब, मी तर दंड भरून टाकला होता, मग तो गुन्हा कसला उरला?" याचं उत्तर कलम २०० मध्ये आहे. आपण ॲपवर जे पैसे भरतो तो खरं तर कोर्टाने ठोठावलेला दंड नसतो, ते तडजोड शुल्क असतं. शुल्क भरलं की त्या गुन्ह्यासाठी कोर्टात खेचत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. २०१९ च्या दुरुस्तीत या कलमाला स्पष्ट पुस्ती जोडली आहे: तडजोड झाली तरी पुढचा गुन्हा 'दुसरा' आहे का हे ठरवताना आधीचा मोजला जाईल, आणि तडजोड झाली म्हणून लायसन्सवरची कारवाई टळत नाही. थोडक्यात, पैसे भरल्याने प्रकरण मिटतं, नोंद मिटत नाही.

आता ही मोजणी तुमच्या घरी कुणाच्या नावावर होणार? इथे परिस्थितीवर अवलंबून आहे. चारही चलनं कॅमेऱ्याची असतील आणि रस्त्यात कुणी थांबवून लायसन्स पाहिलेलं नसेल, तर आज ती फक्त गाडीच्या खात्यावर आहेत. माझ्याकडे लायसन्स निलंबनाची जेवढी प्रकरणं आली, ती जवळजवळ सगळी प्रत्यक्ष अडवलेल्या चालकांची होती. पण कलम १३३ प्रमाणे पोलिसांनी विचारलं तर गाडी कोण चालवत होतं हे मालकाने सांगणं बंधनकारक आहे. उद्या तशी विचारणा झाली तर वडिलांनी खरं सांगावं. "माझंच लायसन्स दाखवतो, तसंही मी आता चालवत नाही" हा घराघरातला तोडगा मी खूपदा ऐकलाय. तो कागदावर लिहून दिलात की दंडाच्या साध्या प्रकरणात खोटी माहिती दिल्याचं नवं प्रकरण जोडून घेता. आणि ज्याचं पोट लायसन्सवर आहे, म्हणजे टॅक्सी, टेम्पो, स्कूलबस चालवणारे, त्यांच्यासाठी तर हिशोबच वेगळा.

एका टेम्पोवाल्याचं सांगतो. विक्रोळीचा माणूस, स्वतःचा छोटा टेम्पो, भाजी आणि फर्निचर काय मिळेल ते वाहतो. सायन-पनवेल महामार्गावर त्याला अडवलं, मशिनवर वेग दाखवला, लायसन्स घेतलं आणि पोचपावती हातात दिली. त्याने तिथेच पैसे भरले. भरले म्हणजे संपलं, असं धरून पावतीची घडी तंबाखूच्या पुडीत ठेवली आणि विसरला. पुढे आरटीओतून सुनावणीचं पत्र आलं. बायकोने ते देव्हाऱ्यामागे खोचून ठेवलं, कारण सरकारी कागद जपून ठेवायचा असतो. सुनावणीला कुणी गेलंच नाही. तीन महिन्यांचा आदेश निघाला आणि तो हातात पडल्यावर सव्विसाव्या दिवशी स्वारी माझ्याकडे. अपिलाची मुदत तीस दिवसांची. धावपळ करून अपील घातलं, पण बाजू मांडायची संधी दिली होती आणि हाच घेऊन गेला नव्हता, हे कागदावर स्वच्छ दिसत होतं. आदेश कायम राहिला. ते तीन महिने पुतण्या टेम्पो चालवायचा आणि हा शेजारी क्लीनरच्या जागी बसून त्याला गिअर कधी टाकायचा ते सांगायचा.

त्या सुनावणीला तो गेला असता तर काय झालं असतं, याची हमी कुणी देऊ शकत नाही. पण कलम १९ मध्ये लायसन्स परत देऊन सोडण्याचाही अधिकार आहे, आणि अपात्र ठरवायचं तर कारणं लेखी नोंदवावी लागतात. आजवरचा कोरा रेकॉर्ड, वेग किती जास्त होता, रस्ता कसा होता, घरात कमावणारं आणखी कोण, हे ज्यांनी शांतपणे मांडलं त्यांचं ऐकून घेतलेलं मी पाहिलंय. म्हणून माझा ठाम सल्ला: आरटीओचं पत्र आलं तर पैसे भरले असोत वा नसोत, त्या तारखेला हजर राहायचंच.

आता तुमच्या चार चलनांकडे येऊ. पैसे भरण्याआधी, भांडण्याआधी, फोटो बघा. ऐकायला फुटकळ वाटेल, पण माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सात-आठ जणांनी स्वतःच्या चलनाचा फोटो उघडूनच पाहिलेला नसतो. महाट्रॅफिक ॲपवर किंवा पोलिसांच्या ई-चलन साइटवर गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की यादी उघडते. चेसिस नंबर आरसीवर असतो. प्रत्येक चलन उघडून फोटो मोठा करून बघा. प्लेट पूर्ण वाचता येते का, गाडीचा रंग आणि मॉडेल तुमचंच आहे का, तारीख-वेळ-ठिकाण काय, त्या जागेची मर्यादा किती लिहिलीय आणि वेग किती. एसएमएसमधल्या लिंकवरून कधीच जाऊ नका. साइटचा पत्ता 'जीओव्ही डॉट इन'ने संपतो का ते बघा. आणि व्हॉट्सॲपवर 'आरटीओ चलन' नावाची एपीके, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी, फाइल आली तर तिला हात लावू नका. ती फाइल फोनमध्ये घेणाऱ्यांचं बँक खातं रिकामं झालेलं आहे, आणि त्यांत शिकलेसवरलेले लोक कमी नाहीत.

फोटो पाहायला का सांगतो? मुलुंडच्या एका बाई दोन वर्षांपूर्वी आल्या. शिक्षिका, गाडी म्हणजे स्कूटर. चलन वेगाचं, ठिकाण वांद्रे-वरळी सी लिंक. त्यांनी ते आठवडाभर पर्समध्ये ठेवलं होतं, कारण आपण इतक्या जोरात कुठे गेलो हे त्यांना आठवत नव्हतं. मी विचारलं, "बाई, सी लिंकवर स्कूटर सोडतात का?" क्षणभर थांबून त्या इतक्या हसल्या की माझा शिकाऊ मुलगा चहा टाकून आत बघायला आला. फोटोत पांढरी कार होती. प्लेटवरचा एक 'बी' वाचताना आठचा आकडा झाला होता, की उलट, ते मला आता आठवत नाही. आरसी आणि फोटो जोडून तक्रार केली, चलन रद्द झालं. हे सोपं गेलं कारण चूक डोळ्यांना दिसत होती. तुमच्या पहिल्या तीन चलनांत अशी चूक दिसत नसेल तर ती तुमचीच आहेत असं धरून चाला.

कॅमेऱ्याच्या चलनाला कायद्याने काही गोष्टी लागतात, त्याही तपासून घ्या. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट २०२१ मध्ये नियम १६७अ आला. त्याप्रमाणे चलनासोबत गुन्हा आणि नंबरप्लेट स्पष्ट दिसेल असा फोटो हवा, उपकरणाने मोजलेला आकडा हवा, तारीख, वेळ, ठिकाण, कोणत्या कलमाचा भंग झाला ते हवं, आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र हवं. कॅमेऱ्याला दरवर्षी नव्याने मान्यता लागते. जिथे कॅमेरे आहेत त्या पट्ट्याच्या आधी ते सांगणारा फलक लागतो. आणि नोटीस गुन्ह्यापासून पंधरा दिवसांत पाठवायची असते. शिवाय मूळ कायद्यातलं कलम २०९ म्हणतं की वेगाच्या गुन्ह्यात जागेवर ताकीद, चौदा दिवसांत नोटीस किंवा अठ्ठावीस दिवसांत समन्स, यांतलं एकही झालं नसेल तर दोषी ठरवता येत नाही. अपवाद आहेत, नाही असं नाही. पण हे कलम ताईच्या देशातल्या चौदा दिवसांसारखंच वाटलं ना? आपला कायदा कुठून आलाय ते इथे दिसतं. मात्र यातला एखादा मुद्दा हाती लागला म्हणून उड्या मारू नका. 'एसएमएस म्हणजे नोटीस का' यावर तासभर वाद घालता येतो, आणि तो वाद घालायचा तर कोर्टात उभं राहावं लागतं. दोन हजारांसाठी दोन-तीन तारखा, तेवढ्याच रजा. पहिल्या तीन चलनांसाठी मी तरी हा मार्ग सांगणार नाही.

म्हणजे भरायचं. मग लोकअदालतीपर्यंत थांबायचं का? राष्ट्रीय लोकअदालत वर्षातून साधारण चार वेळा भरते, प्रलंबित चलनांच्या नोटिसा आधी येतात, आणि तिथे झालेला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. तिथे सवलत द्यायची की नाही आणि किती, हे त्या-त्या वेळी काय ठरतं त्यावर असतं, तो हक्क म्हणून मागता येत नाही. ५० टक्क्यांचा जो मेसेज फिरतो, त्याचं मूळ बहुधा कर्नाटकात आहे. तिथल्या सरकारने फेब्रुवारी २०२३ मध्ये खरोखरच निम्म्या रकमेची सवलत दिली होती. तो मेसेज तेव्हापासून दर तीन महिन्यांनी आपल्याकडे नव्याने येतो, आकडा तोच, राज्य बदललेलं. दहा-वीस जुनी चलनं साचलेल्या माणसाला, विशेषतः व्यावसायिक गाडीवाल्याला, लोकअदालत मी आवर्जून सुचवतो. तीन चलनांसाठी थांबण्यात तुमचा फायदा अंधूक आणि तोटा ठरलेला: प्रलंबित चलनं असली की आरटीओत गाडीची कामं अडतात. नाव बदलणं, बँकेचा बोजा उतरवणं, एनओसी काढणं, सगळं. तुम्ही लिहिलंय की वडील पुढच्या वर्षी गाडी तुमच्या नावावर करणार आहेत. तेव्हा काउंटरवर हेच तीन आकडे समोर येतील.

आणि सहा महिन्यांचं? यात अर्धं खरं आहे, म्हणून तो सल्ला चिवट. ज्या गुन्ह्याला फक्त दंडाची शिक्षा आहे, त्याची दखल कोर्टाने सहा महिन्यांत घ्यायला हवी. पूर्वी हे दंड प्रक्रिया संहितेच्या कलम ४६८ मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ मध्ये आहे. वकील म्हणून मी हा मुद्दा कोर्टात मांडतो आणि तो चालतोही. पण तुमचा मित्र एक गोष्ट विसरतो: मुदत संपली म्हणून पोर्टलवरची ओळ स्वतःहून पुसली जात नाही. ती पुसून घ्यायला कुणीतरी अर्ज करायचा, कुणीतरी त्यावर आदेश द्यायचा. तोवर गाडीची कामं अडलेलीच. मित्राची गाडी विकायची वेळ आली की त्याला विचारा.

पहिल्या तीनचे सहा हजार भरा. पावत्या पीडीएफ करून ठेवा. ताईसारखी विमा कंपनीची भीती इथे धरू नका: आपला नो-क्लेम बोनस, म्हणजे विम्याच्या हप्त्यातली सूट, ठरतो तो तुम्ही दावा केला की नाही यावर, चलन आलं की नाही यावर नाही.

बोगद्याबद्दल दोन गोष्टी, कारण तिथे तुम्ही दोनदा सापडलात आणि तिसऱ्यांदाही सापडाल असं मला वाटतंय. कोस्टल रोडवर सरळ पट्ट्यात ८०, बोगद्यात ६० आणि वळणांवर, चढ-उतारांवर ४० अशी मर्यादा आहे. ८०च्या लयीत आलेला पाय बोगद्यात शिरताना उचलला जात नाही, कारण समोर रस्ता तसाच रुंद, गुळगुळीत. शिवाय आत शिरलं की उपग्रहाचा सिग्नल तुटतो, त्यामुळे फोनवरच्या नकाशात दिसणाऱ्या वेगावर तिथे अजिबात विसंबू नका. डॅशबोर्डचा काटा बघा. तो काटा सहसा खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्तच दाखवतो, म्हणजे तुमच्या बाजूने चुकतो. फक्त टायर मूळ मापापेक्षा मोठे बसवले असतील तर उलट होतं, काटा कमी दाखवतो. मोठे टायर लावले असतील तर ते आत्ताच तपासा.

बोगदा २.०७ किलोमीटरचा. साठने तो पार करायला १२४ सेकंद लागतात. तुमच्या ७४ने १०१ आणि ७८ने ९६. म्हणजे दोन्ही फेऱ्या मिळून तुम्ही बावन्न सेकंद वाचवलेत, चार हजार रुपयांत. आणि साठच्या वेगाने गाडी एका सेकंदात पावणेसतरा मीटर जाते, ७८ने पावणेबावीस. पुढच्या गाडीचे लाल दिवे दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद धरा, तर तेवढ्यात तुम्ही पाच मीटर जास्त पुढे गेलेले असता, म्हणजे एक अख्खी गाडी. माझ्याकडच्या अपघाताच्या फायलींत बहुतेक भांडण या पाच मीटरचंच असतं.

राहिलं चौथं, घाटातलं. हे भरू नका. एकदा शुल्क भरलंत की तुम्ही ते मान्य केलं असं होतं, आणि वर सांगितलेल्या मोजणीत तेही जाऊन बसतं. फोटोत गाडीचा रंग किंवा मॉडेल वेगळं दिसलं तर काम सोपं, तेवढ्यावर तक्रार करा. गाडी हुबेहूब तुमच्यासारखीच असेल तर प्रकरण गंभीर आहे: कुणीतरी तुमच्या नंबरची प्लेट लावून फिरतंय. मग ॲपवरच्या तक्रारीवर थांबू नका, जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि त्याची शिक्का मारलेली प्रत घ्या. उद्या ती गाडी वेगापेक्षा मोठ्या भानगडीत सापडली तर दारात येणारा पोलीस तुमच्याच पत्त्यावर येईल. सोसायटीच्या गेटवरचा सीसीटीव्ही आजच उतरवून घ्या. बहुतेक सोसायट्यांत जुनं चित्रण पंधरा-वीस दिवसांत पुसलं जातं आणि तुमचे आधीच किती दिवस गेलेत ते बघा. चित्रण गेलं असेल तर वॉचमनची नोंदवही, त्या दिवशीचा तुमचा ऑफिसचा हजेरीचा पंच, फास्टॅगचं स्टेटमेंट. फास्टॅगचं विशेष महत्त्वाचं: घाटात पोचायला टोलनाका ओलांडावा लागतो, आणि त्या दिवशी तुमच्या टॅगवरून पैसेच कापले गेले नसतील तर ते बँकेचं कोरं पान बोलकं असतं. हे सगळं जोडून तक्रार करा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा. आठवड्याने तोच क्रमांक टाकून बघा. 'फेटाळली' असं आलं आणि कारण दिलेलं नसेल, तर मला लिहा. तेव्हा मात्र कलम २०९चा विचार करू.

हो, आणि त्याआधी एक. चारही एसएमएस वडिलांच्या बंद पडलेल्या नंबरवर गेले, असं तुम्ही शेवटी सहज लिहिलंय. परिवहनच्या साइटवर आरसीला त्यांचा आजचा नंबर जोडून घ्या. ओटीपी येईल, तेव्हा वडील शेजारी असू द्या.